काळा कातळ, मांजऱ्या आणि गेरूचा थर

महाराष्ट्रात धरण बांधा, पूल उभारा, नाहीतर बोगदा खणा, पाया बहुतेक वेळा बेसाल्टवरच येतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा बाहेर पडत राहिला, थरावर थर साचले आणि आजच्या राज्याचा चार-पंचमांश भाग त्यांच्याखाली गेला. भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं, त्यात खालचा ग्रॅनाइट-नाइस खडक लागायच्या आधी जवळजवळ सव्वा किलोमीटर बेसाल्टच लागला. त्यामुळे आपल्याकडच्या साइटवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सगळीकडे काळा दगडच आहे, जिऑलॉजी पाहिजे कशाला?"

मी पाटबंधाऱ्याच्या कामावर अनेक वर्षं काढली. माझा अनुभव या वाक्याच्या अगदी उलट आहे. एका लहान धरणाचा पाया ठरवताना आम्ही जे जे केलं ते इथे क्रमाने लिहिते आहे, कारण नव्याने साइटवर येणाऱ्या मुलामुलींना जिऑलॉजी हा दुसऱ्या वर्षी पास होऊन विसरायचा विषय वाटतो आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कॉलेजमधला भाग थोडक्यात सांगते. पुण्यात सिव्हिलला असताना जिऑलॉजीच्या प्रयोगशाळेत लाकडी ट्रेमध्ये दगड मांडलेले असत: ग्रॅनाइट, नाइस, शिस्ट, संगमरवर, वालुकाश्म. नखाने ओरखडा, चाकूने ओरखडा, चिनी मातीच्या फरशीवर रेघ, मग नाव. तोंडी परीक्षेला एवढ्यावर निभावून जायचं. आमचे सर मात्र नाव सांगितलं की थांबत नसत. "बरं, हा माझ्या धरणाखाली आला तर काय करील?" हा त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला. वर्ग गप्प व्हायचा. मग ते सेंट फ्रान्सिस धरणाची गोष्ट सांगायचे. कॅलिफोर्नियातलं ते काँक्रीटचं धरण १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्रीच्या सुमारास फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं गेली. त्याच्या एका कडेला तांबूस गोटेमिश्रित खडक होता. कोरडा असताना तो बऱ्यापैकी कठीण दिसायचा. नंतर चौकशीत त्याचा तुकडा पाण्यात टाकला तेव्हा तो सुटून विरघळल्यासारखा झाला. दुसऱ्या कडेला शिस्ट होता आणि ती बाजू जुन्या दरडीवर टेकलेली होती. सर सांगायचे, "पेलाभर पाणी लागलं असतं, बाकी काही नाही." मालपासेचंही असंच. फ्रान्समधलं ते पातळ कमानीचं धरण २ डिसेंबर १९५९ ला कोसळलं. काँक्रीटमध्ये दोष नव्हता, दोष डाव्या कडेच्या खडकात होता.

कोयनेचा भूकंप आमच्या पिढीने पाहिला नव्हता, पण वर्गात त्याची चर्चा व्हायची. ११ डिसेंबर १९६७ पर्यंत दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीने शांत समजलं जाई. त्या पहाटे धरणाच्या वरच्या भागात, मागच्या बाजूचा उतार जिथे बदलतो त्या पातळीला, तडे गेले आणि नंतर धरण भक्कम करावं लागलं. पुढे ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी झालं.

अभ्यासक्रमात मला सर्वांत उपयोगी पडलं ते एक कंटाळवाणं वाटणारं प्रात्यक्षिक. चार-पाच बोअरचे तक्ते द्यायचे, प्रत्येकाची जमिनीची पातळी द्यायची आणि त्यावरून धरणरेषेवरचा भूशास्त्रीय छेद काढायला सांगायचं. दख्खनचे थर जवळजवळ आडवे असतात, त्यामुळे एका काठावर ज्या पातळीला तांबडा थर मिळाला त्याच्या आसपासच्या पातळीला तो दुसऱ्या काठावरही मिळायला हवा. नाही मिळाला तर का नाही, हे शोधायचं. पुण्याजवळच्या घाटांमध्ये रस्त्याच्या कापणीत सरांनी आम्हाला प्रवाहाचा तळ ओळखायला शिकवलं. तळाशी उभ्या नळ्यांसारखी पोकळ्यांची रांग असते, माथ्याकडे फुगे वाढत जातात आणि त्यावर कधीकधी विटेसारखा तांबडा पट्टा येतो. एकदा डोळ्याला ही सवय लागली की गाडीतून जातानाही नजर कापणीवरून हटत नाही.

नोकरीत माझ्याकडे आलं ते सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचं मातीचं धरण. मध्ये ओढा, डाव्या बाजूला खिंडीत सांडवा. बोअर घेण्याचं काम ठेक्याने दिलेलं होतं आणि मी रुजू झाले तेव्हा पहिला अहवाल टेबलावर पडलेला होता. त्यात उजव्या काठाबद्दल लिहिलं होतं, "सॉफ्ट रॉक, कोअर रिकव्हरी कमी." (कोअर म्हणजे बोअरमधून निघणारा खडकाचा दंडगोल, आणि तो किती हाती आला ती रिकव्हरी.) डाव्या काठाबद्दल, "हार्ड रॉक, पाया उत्तम." या दोन ओळींवर उजव्या बाजूचा पाया खंदक कितीतरी खोल न्यायचा प्रस्ताव तयार होत होता. खोल खंदक म्हणजे जास्त खोदाई, उपसा, भरावाची माती आणि एखादा हंगाम हातचा जाणं.

विभागाचे भूवैज्ञानिक आले ते सरळ कोअरच्या पेट्यांकडे गेले. मीही वही घेऊन बसले. पेटीतला उजव्या काठाचा माल म्हणजे बोटाएवढे गोल झिजलेले तुकडे आणि मध्ये मोठ्या रिकाम्या जागा. त्यांनी एक तुकडा उचलून त्याच्या टोकाकडे बोट दाखवलं. टोक गुळगुळीत, फिरून फिरून घासलेलं. "ही भेग नाही. बॅरलमध्ये दगड दगडावर फिरला आहे." मग ड्रिलरकाकांना विचारलं, बॅरल, म्हणजे कोअर धरणारी नळी, कोणतं होतं. एकेरी नळीचं. एकेरी नळीत फिरणारी नळी आणि पाणी दोन्ही थेट कोअरला लागतात, त्यामुळे मऊसर खडक आतल्या आत दळला जातो. भूवैज्ञानिकांनी त्याच ठिकाणी शेजारी दुहेरी नळीच्या बॅरलने, पाण्याचा दाब कमी ठेवून पुन्हा बोअर घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या खेपेचा कोअर बाहेर आला तेव्हा मी तिथेच उभी होते. हातभर लांबीचे अखंड तुकडे, करडा-जांभळट रंग, अंगभर पांढरे आणि हिरवट ठिपके. वायूच्या फुग्यांच्या पोकळ्या झिओलाइट आणि कॅल्साइटने भरून गेलेला हा बेसाल्ट. आमच्या भागातले विहीर खोदणारे याला मांजऱ्या म्हणतात. (यातलीच खनिजं मोठ्या पोकळ्यांत वाढली की संग्राहक त्यांच्यामागे धावतात. पुण्याजवळच्या वाघोलीचं निळंशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत आहे.) दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज भागिले ड्रिलिंगची लांबी, हा आरक्यूडीचा, म्हणजे खडक किती अखंड आहे ते टक्क्यांत सांगणारा, हिशोब कॉलेजात पाठ केलेला होता. तो तिथे मी पहिल्यांदा खऱ्या पेटीवर टेप लावून केला. ज्या खडकाला अहवालात जवळपास शून्य दिलं होतं तो नव्वदीच्या घरात गेला. जमिनीखालचा खडक होता तोच होता, फक्त तो बाहेर काढायची पद्धत बदलली होती.

लॉगिंग, म्हणजे कोअर पाहून खडकाची नोंद करणं, शिकायला वेळ लागतो आणि ते पेटीजवळ बसूनच शिकावं लागतं. नैसर्गिक भेगेच्या पृष्ठभागावर डाग असतो, लोहाचा तांबूसपणा किंवा हिरवट चिकण लेप. ड्रिलिंगमध्ये मोडलेल्या तुकड्याची टोकं ताजी, खडबडीत असतात आणि एकमेकांत नेमकी बसतात. ही दोन्ही टोकं बोटांनी चाचपून पाहिल्याशिवाय आरक्यूडीच्या आकड्याला अर्थ नाही. ड्रिलिंग चालू असताना पाणी कुठे परत यायचं थांबलं, रॉड कुठे एकदम खाली गेला, परत येणाऱ्या पाण्याचा रंग कुठे बदलला, हे ड्रिलरच्या डोक्यात असतं. तो गावी गेला की ते गेलं. म्हणून रोज संध्याकाळी काकांशेजारी बसून मी विचारायची. ते आधी म्हणाले, "मॅडम, हे कोणी विचारत नाही." नंतर माझी वाट न पाहता स्वतःच खडूने पत्र्यावर खुणा करून ठेवायला लागले. त्यांच्या त्या खुणांनी छापील तक्त्यापेक्षा जास्त सांगितलं, असं मी आजही म्हणेन.

मग आली पाणी-चाचणी. छिद्रात ठरावीक लांबीच्या वर रबरी पॅकर फुगवून बसवायचा, खाली दाबाने पाणी सोडायचं आणि खडक मिनिटाला किती पाणी पितो ते मोजायचं. दहा किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाला एका मीटर लांबीत मिनिटाला एक लिटर पाणी गेलं तर तो एक ल्यूजॉन. स्विस भूवैज्ञानिक मॉरिस ल्यूजॉन यांच्या नावावरून हे एकक आलं. वरच्या थरांत एवढा दाब देता येत नाही, नाहीतर खडकच उचलला जातो. म्हणून कमी दाबावर मोजून हिशोबाने आकडा काढतात. दाब पायऱ्यापायऱ्यांनी चढवायचा आणि त्याच पायऱ्यांनी उतरवायचा. उतरताना त्याच दाबाला चढतानापेक्षा जास्त पाणी जात असेल तर भेगांमधला गाळ धुऊन निघतो आहे. हे खरं तर एका साध्या आलेखावर दिसतं, पण उतरतीची वाचनं घ्यायचा कंटाळा करतात आणि नेमकी तीच माहिती हातची जाते.

चाचणीने अहवाल उलटा केला. उजव्या काठाच्या मांजऱ्याने जवळजवळ पाणी घेतलंच नाही. डाव्या काठाच्या काळ्याभोर कातळात पंपाला दाब धरता येईना. हातोडा मारला तर खणखणीत वाजणारा, अहवालात "उत्तम" ठरलेला तो खडक पाणी गिळत होता.

याचं कारण खडकाच्या जन्मात आहे. जाड, एकसंध प्रवाह थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात, कधी खांबांसारख्या, कधी नुसत्या आडव्यातिडव्या. खडक जितका घट्ट तितका तो भेगाळलेला सापडण्याचा संभव जास्त. उलट पाहोएहो प्रकारचे लहान लहान प्रवाह एकमेकांवर चढून जो कुहरी बेसाल्ट, म्हणजे आपला मांजऱ्या, होतो, त्यात भेगा कमी आणि पोकळ्या नंतरच्या खनिजांनी बंद झालेल्या. हातोड्याखाली तो लवकर फुटतो, पण आमच्या उंचीच्या मातीच्या धरणाला लागणारी ताकद त्याच्यात पुरून उरत होती आणि पाणी तो अडवत होता. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्रा. आर. बी. गुप्ते यांनी दख्खनच्या धरणांचे पाये पाहत ही गोष्ट अनेक वर्षांपूर्वी मांडून ठेवली आहे. परदेशी पुस्तकांतले ठोकताळे वाचून आलेल्या अभियंत्याला ती उमजत नाही, कारण तिथे "कठीण म्हणजे चांगला, मऊ म्हणजे वाईट" असा सरधोपट तक्ता डोक्यात बसतो. आपल्या मुलांना आपल्या खडकावर शिकवलं पाहिजे, हे माझं मत त्या आठवड्यात पक्कं झालं. नाइस आणि शिस्ट जरूर शिकवा, कोकणाच्या दक्षिणेला आणि विदर्भाच्या पूर्वेला ते लागतातच. पण बेसाल्टचे पाच प्रकार हातात देऊन, पाण्यात बुडवून, पेटीत महिनाभर ठेवून दाखवल्याशिवाय महाराष्ट्रातल्या सिव्हिलच्या विद्यार्थ्याला सोडू नये.

निर्णय असा झाला: उजव्या बाजूचा खंदक प्रस्तावाइतका खोल न्यायचा नाही, वाचलेला खर्च डाव्या बाजूला ग्राउटिंगच्या पडद्यावर, म्हणजे ओळीने छिद्रं घेऊन भेगांत दाबाने सिमेंटचं पाणी भरण्यावर, घालायचा.

सांडव्याखाली वेगळंच प्रकरण निघालं. डाव्या खिंडीत दोन प्रवाहांच्या मध्ये तांबडा थर होता, गावकऱ्यांच्या भाषेत गेरू. त्याचा सुगावा आम्हाला बोअरच्या आधीच लागला होता, तोही एका शेतकरी आजोबांमुळे. त्यांच्या विहिरीत उतरून मी भिंतीचा छेद काढत होते. जुनी, न बांधलेली विहीर म्हणजे फुकटात मिळालेला मोठ्या व्यासाचा बोअर. कोणत्याही साइटवर गेल्यावर आधी विहिरी पाहाव्यात. आजोबा वरून म्हणाले, "ताई, गेरू लागेस्तोवर खणायचं. झरा गेरूच्या डोक्यावरनंच येतो. त्याच्या खाली गेलं की मग पाणी नाही." वरच्या भेगाळ कातळातून झिरपलेलं पाणी चिकणमातीसारख्या तांबड्या थरावर अडतं आणि आडवं चालायला लागतं. धरणासाठी याचा अर्थ असा, की सांडव्याच्या बुडाशी पाण्याला आडवी वाट तयार आहे.

कोअरमध्ये तो तांबडा थर बाहेर आला तेव्हा चांगला घट्ट होता. मला वर्गातला पेला आठवला. चौकीत स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन तुकडा टाकला. त्याच्या कडा सुटायला लागल्या आणि संध्याकाळपर्यंत तळाशी तांबडा चुरा होता. पेटीत उघड्यावर ठेवलेले तुकडेही पुढच्या काही आठवड्यांत तडकून खपल्या झाले. बोअर निघाल्याच्या दिवशी काढलेला फोटो शेजारी ठेवला तर ती एकाच खोलीची एकच पेटी आहे यावर विश्वास बसला नसता. म्हणूनच अशा खडकाचं लॉगिंग ताज्या कोअरवरच करावं लागतं. महिन्याने येऊन पाहणारा त्याला भुसभुशीत ठरवेल आणि पहिल्याच दिवशी पाहून निघून जाणारा कठीण ठरवेल.

मग खोदाईची पद्धत त्याप्रमाणे ठरली. तांबड्या थरावर पाया टेकवायचा नाही, तो काढून खालच्या प्रवाहात जायचं. जिथे कडेच्या भिंतीत तो उघडा पडणार तिथे शेवटचा हातभर खडक तसाच ठेवायचा, काँक्रीटची सगळी तयारी झाल्यावरच तो काढायचा आणि लगेच झाकायचा. ठेकेदाराला हे पटवणं जड गेलं, कारण त्याला खोदाई एकदाच आटोपून मशीन हलवायचं होतं. सांडव्याच्या पुच्छ कालव्याची (सांडव्याचं पाणी पुढे नेणाऱ्या कालव्याची) रेषाही आम्ही थोडी वळवली. पुराचं पाणी भेगाळ काळ्या कातळाचे ठोकळे उचलून नेतं आणि खाली गेरू असेल तर तो पोखरला जाऊन वरचं सगळं कोसळतं. पुढे रस्त्याच्या कामावर घाटात मी हेच उभ्या कड्यात पाहिलं: तांबडा पट्टा आत जातो, वरचे कातळाचे खांब अधांतरी राहतात आणि पावसाळ्यात एकेक सुटतो. तिथे वरून नुसती जाळी टाकून भागत नाही. पट्टा झाकावा लागतो आणि त्यामागच्या पाण्याला वाट द्यावी लागते.

ओढ्याच्या पात्रात पाया उघडला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. पात्राला तिरपा जाणारा, बारीक उभ्या भेगांचा, कुजकट खडकाचा पट्टा. ओढा वरच्या अंगाला बराच लांब सरळ रेषेत का वाहतो हे टोपोशीटवर पाहून पडलेला प्रश्न तिथे सुटला. पाण्याने आपली वाट त्या पट्ट्यातून कोरून घेतली होती. पट्टा चांगला खडक लागेपर्यंत उपसून काढला, धुतला, काँक्रीटने भरला आणि दोन्ही कडांना ग्राउट केलं. दाताची कीड काढून भरतात तसंच हे काम. साइटवर त्याला डेंटल ट्रीटमेंटच म्हणतात.

भराव घालण्यापूर्वीचं शेवटचं काम म्हणजे पाया-नकाशा. खंदकाचा तळ हवा-पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन स्वच्छ करायचा, फितीने चौकोन आखायचे आणि एक सेंटिमीटरला एक मीटर या प्रमाणावर प्रत्येक भेग, प्रत्येक सीमारेषा, पाण्याची प्रत्येक पाझरती जागा कागदावर उतरवायची. भेगांची दिशा आणि नती (कल) कंपासने मोजायची. उन्हात वाकून करायचं हे काम चिकाटीचं आहे आणि मागे रोलर उभे असतात, त्यामुळे घाई करणाऱ्यांचा दबाव रोज येतो. मी हट्टाने पूर्ण नकाशा झाल्याशिवाय भराव सुरू होऊ दिला नाही, आणि भूवैज्ञानिकांची सही पडल्यावरच पुढचा चौकोन मोकळा केला.

धरण भरल्यानंतर एका पावसाळ्यात खालच्या बाजूला, ओढ्याच्या काठाजवळ ओल दिसली. धरणाच्या अंगातून पाणी येतं आहे अशी गावात भीती पसरली. पाणी स्वच्छ होतं, गढूळ नव्हतं, म्हणजे माती वाहून येत नव्हती. ही पहिली दिलासा देणारी खूण. व्ही-नॉच (वाहतं पाणी मोजायची व्ही आकाराची खाच) बसवून जलाशयाच्या पातळीबरोबर गळती मोजायला लागलो, तेव्हा एका ठरावीक पातळीच्या वर पाणी गेलं की ती वाढायची. पाया-नकाशा काढून पाहिला तर ओल होती ती पात्रातल्या भेगाळ पट्ट्याच्या सरळ पुढच्या टोकाला, जिथे तो खंदकाबाहेर काठाखाली शिरत होता. त्या रेषेवर नवी ग्राउटची छिद्रं घेतली, आधी दूर दूर आणि मग मधली. पुढच्या पावसाळ्यात त्याच जलपातळीला नॉचवरचं वाचन निम्म्याच्याही खाली आलं. पाया-नकाशाची एक प्रत आता धरणावरच्या चौकीत वाचनांच्या रजिस्टरबरोबर ठेवलेली असते आणि पावसाळ्याआधी पाहणीला येणारा अभियंता ती बरोबर घेऊनच खालच्या काठाने चालतो.